बाद केलेले फॉर्म

हुरडा आला की मला फॉर्म आठवतात. लोकांना शेत आठवतं, आगटी आठवते, कुणाचं तरी लग्न ठरलेलं आठवतं. मला रबर लावलेली फॉर्मांची एक छोटी गड्डी आठवते, आणि घास तोंडात तसाच राहतो.

परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी गूळभेंडी ज्वारीचा हुरडा आणला होता. वर्तमानपत्रावर ढीग, शेजारी शेंगाचटणी, थोडं दही. पाच मिनिटांत कागद दिसायला लागला. मीही मूठभर घेतला आणि दुसऱ्या मुठीला थांबले. “काय हो बाई, डाएट का?” असं कुणीतरी विचारलं. मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर हुरडा गार झाला असता आणि ऐकणाऱ्यांचे चेहरेही.

मी संख्याशास्त्र शिकवते. एकोणतीस वर्षं झाली. आकड्यांवर माझा फार जीव. माणसं बोलताना वाढवून सांगतात, आकडा गप बसून असतो तेवढंच सांगतो, असं मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. आता नाही ऐकवत. त्या एका थंडीनंतर ते वाक्य माझ्या तोंडून निघेनासं झालं.

सोलापूरची थंडी म्हणजे काय, तर सकाळी अंगात घातलेला स्वेटर दुपारी कमरेला बांधून हिंडायचं. पण तेवढ्या थंडीचाही थाट असतो आमच्याकडे. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागतात, बाजारात बोरं येतात, आणि कॉलेजात गॅदरिंगचं वारं शिरतं. वर्गात पोरं कमी, जिन्यात जास्त. कुणी नाटकाची तालीम करतंय, कुणी नाचाचे कपडे शोधतंय. मला दरवर्षी वादविवाद स्पर्धा बघायचं काम असे. कारण काय, तर “बाईंना पुरावे लागतात, त्या पोरांना थापा मारू देणार नाहीत.” मला हे कौतुक वाटायचं. आता हसू येतं.

त्या वर्षी वादविवादाचा विषय प्राचार्यांनीच सुचवला. महाविद्यालयात तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सोयी असाव्यात की नसाव्यात. वरून काहीतरी परिपत्रक आलं होतं, त्यावर कमिटी नेमली होती, आणि कमिटीपुढे प्रश्न होता तो एका स्वच्छतागृहाचा. ग्रंथालयामागे एक जुनं, कुलूपबंद स्वच्छतागृह पडून होतं. ते दुरुस्त करून कुणालाही वापरता येईल असं ठेवायचं का, एवढीच गोष्ट. प्राचार्य मला म्हणाले, “बाई, भावनेवर नको. आकडे आणा. तुमच्या पोरांकडून एक छोटं सर्वेक्षण करून घ्या, प्रात्यक्षिकही होईल.”

मी खूश. म्हटलं, आकडे ना? आत्ता आणते.

फॉर्म मीच तयार केला. एका पानाचा, नाव नाही, गाव नाही. पहिली ओळ लिंगाची, पुरुष आणि स्त्री असे दोन चौकोन, एकावर खूण करा. खाली सोयींविषयी प्रश्न. पिण्याचं पाणी, बाकडी, ग्रंथालय, स्वच्छतागृहं. शेवटी एक मोकळी ओळ, काही सांगायचं असल्यास. आणि वर्गाला माझा नेहमीचा नियम सांगितला. पहिली ओळ नीट भरलेली नसेल तर फॉर्म बाद. आकडेमोड करताना असले फॉर्म बाजूला काढायचे असतात, नाहीतर तक्ता जुळत नाही. माझ्या धंद्यातली ही रोजची गोष्ट आहे. हुरडा चोळला की फुंकर मारून कोंडा उडवतो ना, तसंच. हात आपोआप करतो, डोकं लागत नाही.

बाद फॉर्म निघाले थोडेसेच. कुणी पहिली ओळ कोरी सोडलेली, कुणी दोन्ही चौकोनांवर खूण केलेली. आणि एका फॉर्मवर निळ्या पेनानं, पट्टी लावून, तिसरा चौकोन काढलेला. इतका नीट, की छापलेला वाटावा. त्यावर खूण. खाली मोकळ्या ओळीत लिहिलं होतं, “सकाळपासून पाणी पीत नाही.”

मी तो फॉर्म वर्गासमोर उंच धरला. आणि काय म्हणाले माहीत आहे? “हा टवाळपणा कुणाचा? इथे चित्रकलेची परीक्षा नाही चालू.” वर्ग खो खो हसला. मीही हसले. फॉर्म गड्डीत टाकला, रबर लावलं, गड्डी कपाटात. एकोणतीस वर्षांत मी बऱ्याच चुका केल्या. तक्ते चुकवलेत, एकदा तर अख्ख्या वर्गाचे गुण उलटेपालटे केलेत. पण त्या हसण्याची लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

अहवाल मी स्वतः लिहिला. त्यात एक वाक्य होतं. “महाविद्यालयात तृतीयपंथी विद्यार्थी आढळले नाहीत.” अहो, आढळतील कुठून? फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं, आणि ज्यांनी न विचारता सांगितलं त्यांना मी कपाटात ठेवलं होतं. पण वाक्य कसं भारदस्त वाटत होतं! खाली माझी सही. अहवाल कमिटीच्या फाइलला लागला.

त्या दिवसांत स्पर्धेची तयारी जोरात होती. अंतिम फेरीत दोघं, बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवायची. आमच्याकडे ही रीत जुनी आहे. तुमचं मत काहीही असो, चिठ्ठीत निघेल ती बाजू मांडायची. विरोधाची चिठ्ठी इम्रानच्या हाताला लागली. इम्रान शेख माझ्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, त्याच्या वडिलांचं टेम्पोचं काम, घरात दख्खनी बोलायचा आणि व्यासपीठावर असं शुद्ध मराठी की परीक्षक चाट पडावेत. बाजूनं बोलायची चिठ्ठी आली त्याच्याच वर्गातल्या भाग्यश्रीला.

इथे थोडं सांगायला हवं. तेव्हा आम्ही सगळे भाग्यश्रीला मुलगा समजत होतो. हजेरीपटावर वेगळं नाव होतं, मुलांच्या बाकावर बसायची, शर्ट-पॅन्ट घालायची. ते नाव मी इथे लिहिणार नाही, तिनंच ते टाकून दिलंय. ती आता जी आहे, तशीच मी तिला लिहिते. तिला विचारून लिहितेय, बरं का. फोनवर म्हणाली, “लिवा की बाई. पण माझं बोलणं सुधरवू नका, लोकं वळखणार न्हाईत मला.”

तर तयारी. दोघंही माझ्याकडे येत, मोबाइलवर परदेशातले शोधनिबंध उघडून. मला गंमत वाटायची. एकाच निबंधातलं एक वाक्य इम्रान उचलायचा आणि पुढचं वाक्य भाग्यश्री. दोघांनाही तो निबंध पुरावा वाटायचा. मी त्यांना शेवटचं पान वाचायला लावायची, जिथे संशोधक स्वतःच लिहितात की आम्ही थोड्याच लोकांशी बोललो, काही जण मधूनच निघून गेले, यावरून फार पुढचं काही काढू नका. “मॅडम, हे पान बोललं तर हरतो आम्ही,” इम्रान म्हणायचा. बरोबरच होतं त्याचं. त्या पानाला टाळी पडत नाही. मी त्यांना बजावायची, की शेवटचं पान वगळून बोलणं म्हणजे लबाडी. दुसऱ्याच्या शेवटच्या पानाबद्दल मी अशी तावातावानं बोलत होते, आणि माझ्या अहवालाला तर शेवटचं पानच नव्हतं.

भाग्यश्री कमी बोलायची. एकदा मात्र तिनं विचारलं, “बाई, ह्या लोकांवर येवढं संशोधन करतेत, पण त्यांना कुणी इचारतं का, तुमाला काय पायजे म्हणून?” मी म्हटलं, “विचारतात की. प्रश्नावली असते.” ती म्हणाली, “व्हय, असती.” आणि मोबाइलवरचं पान पुढे सरकवलं. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

स्पर्धा झाली. सभागृह भरलेलं, पंखे बंद, पोरांच्या शिट्ट्या. भाग्यश्री आधी बोलली, थोडी अडखळत, पण मनापासून. इम्राननं परदेशी निबंधांतलं एकेक वाक्य मांडलं, आणि शेवटी थांबून, हातात माझ्या अहवालाची प्रत उंच धरून म्हणाला, “लांबचं जाऊ द्या. आपल्या कॉलेजचं सर्वेक्षण सांगतं, इथे असं कोणीही नाही. जे नाहीत त्यांच्यासाठी कुलूप कशाला उघडायचं?” सभागृह कोसळलं टाळ्यांनी. प्राचार्य मान डोलावत होते. भाग्यश्रीला उत्तराला दोन मिनिटं होती. ती माइकपाशी आली, माझ्याकडे बघितलं, “मला काही बोलायचं नाही,” म्हणाली आणि खाली जाऊन बसली. ढाल इम्रानला जाहीर झाली. मला वाटलं, पोर घाबरलं. माझी अक्कल तेवढीच.

त्याच आठवड्यातल्या रविवारी वळसंगला हुरड्याला गेलो. भाग्यश्रीच्या घरचं शेत तिथं. स्पर्धेतली सगळी पोरं आणि मी. हरलेल्यानं जिंकलेल्याला हुरडा खिलवायचा, अशी काहीतरी पैज त्यांची. ऊन कोवळं होतं, ज्वारी कमरेच्या वर, वडील आगटीत कणसं भाजत होते आणि आई घोंगडीवर बसून कणसं चोळून एकेकाच्या हातावर दाणे ठेवत होती. त्या घरात कानडी बोलतात; आमच्यासाठी मराठी बोलत होती, मधेच विसरत होती. गरम दाणे, लसणाची चटणी, गुळाचा खडा. इम्रान म्हणाला, “काकी, असा हुरडा मिळणार असंल तर मी दरवर्षी जिंकतो.” सगळे हसले. भाग्यश्री पण हसली.

मग तिची आई माझ्याजवळ सरकून, आवाज खाली करून म्हणाली, “बाई, एक सांगू का? तुमी वाईच वरडा ह्याला. कॉलेजात दिसभर पानी पीत न्हाई. भरून दिलेली बाटली तशीच परत आणतो. घरी आला की तांब्यावर तांब्या पितो, उभ्या उभ्या. डागदर म्हणला, आसं केलं तर मूत्रपिंड जाईल पोराचं. का करतो हो आसं?”

माझ्या हातावरचे दाणे हातावरच राहिले.

पट्टीनं काढलेला चौकोन डोळ्यांपुढे आला. निळं पेन. आणि माझा स्वतःचा आवाज ऐकू आला, टवाळपणा कुणाचा म्हणून विचारणारा. तिच्या आईला काय सांगणार? “बोलते मी,” एवढंच म्हटलं.

विहिरीपाशी भाग्यश्री हात धूत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, “तो चौकोन...”

“मीच काढला हुता बाई,” ती म्हणाली. शांतपणे. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. “मुलांच्या तितं जाता येत न्हाई, मुलं दार वाजवतेत, काय काय बोलतेत. मुलींच्या तितं कोण जाऊ दील? मग पानीच प्यायचं न्हाई.” ओले हात झटकत म्हणाली, “माझं नाव भाग्यश्री हाय. अजून कुणाला सांगितलं न्हाई. तुमाला सांगितलं कारण तुमी फॉर्म फाडला न्हाई. बाजूला ठिवला नुसता.”

मी तिची माफी मागितली. रडले पण, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, “आई बघतीया, डोळं पुसा,” आणि मला आपला रुमाल दिला. मग म्हणाली, “एक करा. माझं नाव कुटंच येऊ देऊ नका. पण ते वाक्य काढा.”

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, अहवाल चुकलाय, दुरुस्ती द्यायची आहे. ते म्हणाले, “बाई, कमिटीनं मान्य केलाय. स्पर्धेत सुद्धा वाचला गेला. आता चुकला म्हणता, तर पुरावा काय? कोण आहे तो विद्यार्थी?” माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की आपण काटेकोर वागतोय. मी म्हटलं, “सर, फॉर्मवर नाव नसतं आणि असतं तरी सांगितलं नसतं. पुरावा हा, की मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अहवालात लिहिलं, आणि ज्यांनी उत्तर दिलं त्यांचे फॉर्म बाद केले. ते फॉर्म माझ्या कपाटात आहेत.” ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही लेखी देणार, की तुमची चूक?” “देणार.” “निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत तुमची.” “म्हणूनच.”

आणि तिथे मला एक गोष्ट सुचली, जी आधी सुचायला हवी होती. म्हटलं, “सर, तीन वर्षांपूर्वी कुबड्या घेऊन येणाऱ्या एका मुलीसाठी आपण उतरता रस्ता बांधला. तेव्हा सर्वेक्षण केलं होतं का?” प्राचार्य चष्मा पुसत बसले. माझा संशोधनावर राग नाही, अजूनही नाही. नीट विचारलं तर लोक नीट सांगतात, आणि ते ऐकायला आकड्यांसारखं साधन नाही. पण एखाद्याला तहान लागलीय का, एवढ्या साध्या गोष्टीलाही आपण आधी संख्या मागतो, आणि ती देखील फक्त काही लोकांच्याच बाबतीत मागतो. बाकीच्यांना विनापुरावा पाणी मिळतं.

पत्र लिहिलं. “बाद केलेल्या फॉर्मांची जबाबदारी माझी,” असं स्वच्छ लिहिलं. संध्याकाळच्या आत इम्रानला कुठून तरी कळलं. धावत आला. “मॅडम, तुमचा आकडा मी तीनशे लोकांसमोर बोललो की. खोटा निघाला?” म्हटलं, “खोटा निघाला.” कोण, काय, काहीही विचारलं नाही त्यानं. “मग माझी पण सही घ्या,” म्हणाला आणि माझ्या सहीखाली सही केली. बक्षीस समारंभात ढाल घेताना माइक मागून घेतला आणि सांगितलं, की माझा शेवटचा मुद्दा चुकीच्या अहवालावर होता, तो मी मागे घेतो. सभागृहात कुजबुज झाली, कुणी हसलं. पोरगा व्यासपीठावरून ताठ उतरला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी कुलूप निघालं. नळ बसला, दाराला आतून कडी बसली. पण सरकारी पद्धत ती सरकारी पद्धत! किल्ली ग्रंथालयात खिळ्याला, आणि टेबलावर रजिस्टर. वापरणाऱ्यानं नाव, वेळ, सही. “गैरवापर नको म्हणून,” असं कमिटीचं म्हणणं. मी कपाळावर हात मारला. ग्रंथपाल बोल्ली सर, पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतले, चार भाषा बोलणारे, पण नियमाला एका भाषेतही न चुकणारे. ते म्हणाले, “बाई, मला वरून सांगितलंय, मी काय करू?”

आठवडा गेला. रजिस्टर कोरं. भाग्यश्रीला विचारलं तर म्हणाली, “नाव लिवलं की गावभर हुतंय, बाई. कोन लिवणार?”

ते खरंच होतं. कोऱ्या पानावर एकटं नाव म्हणजे बोट दाखवल्यासारखं. मग मी काय केलं, सकाळचा तास संपवून ग्रंथालयात गेले, किल्ली घेतली, रजिस्टरात पहिल्या ओळीत माझं नाव ठणठणीत अक्षरात लिहिलं. दुपारी पुन्हा. दुसऱ्या दिवशी इम्राननं लिहिलं, मग त्याचे दोन मित्र, मग इंग्रजीच्या बाई, मग कुणीतरी नाटकातली मुलगी. “मॅडम, ते जवळ पडतंय,” असं सांगायचे सगळे. आठवड्यात दोन पानं भरली. कोण कशासाठी जातंय, हे बघायचं बोल्ली सरांनीही सोडून दिलं. त्यांची खुर्ची रिकामी, सर आत कपाटांमध्ये.

गड्ड्याचे पाळणे उतरवायला सुरुवात झाली होती. शेवटचा हुरडा संपून ज्वारी पिवळी पडायला लागली होती. मी नेहमीप्रमाणे सही करायला गेले तर बोल्ली सर रजिस्टर समोर धरून बसलेले, चष्मा नाकावर. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. माझ्या कालच्या सहीखाली, इम्रानच्या नावाखाली, सावकाश लिहिलेलं नाव होतं. भाग्यश्री. वेळ, सकाळी अकरा. खाली सही, पहिल्यांदाच केलेली असणार, कारण शेवटच्या अक्षराला थोडी थांबली होती.

“बाई,” बोल्ली सर म्हणाले, “ही विद्यार्थिनी कोण? मी सगळे हजेरीपट बघितले. या नावाची कुणी नाही आपल्याकडे.”

“आहे की,” मी म्हटलं. “माझ्याच वर्गातली आहे.”